आवाज बघणारा मृत्युंजय

सोलापूरच्या शुक्रवार पेठेत मृत्युंजयचं दुकान कुठं म्हणून विचारलं, की माणसं आधी हसतात आणि मग बोट दाखवतात. पाटीवर 'मृत्युंजय डिजिटल साउंड' असं लफ्फेदार अक्षरांत लिहिलंय. दुकान चालतं ते मात्र झेरॉक्सवर, आणि झेरॉक्स चालवते त्याची बायको भुवनेश्वरी. मशीन आणि बायको, दोघांनाही त्यानं पडद्यामागं ठेवलंय. समोर काउंटरवर दिमाखात बसलेला असतो कॉम्प्युटर, आणि त्याच्यापुढं त्याहून दिमाखात मृत्युंजय.

या माणसाच्या आयुष्यात मिरवावं असं फारसं काही घडलेलं नाही. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला अडकला तो अडकलाच. वडिलांचं कॅसेटी भरून द्यायचं दुकान होतं. लोक यायचे, एका बाजूला भक्तिगीतं आणि दुसऱ्या बाजूला सिनेमाची गाणी भरून न्यायचे. ते दुकान याच्या हातात आलं तेव्हा कॅसेट शेवटचे आचके देत होती. मग सीडी आली. हा सीडी शिकेपर्यंत तीही गेली. मेमरी कार्डात गाणी भरून द्यायला लागला, तर गाणी लोकांच्या फोनात आपली आपण यायला लागली. प्रत्येक वरातीत हा गडी नवरदेव मांडवात शिरल्यावर पोचला. अशा माणसाची कुणालाही जरा कीव यावी. पण मृत्युंजयला कीव घेता येत नाही. त्याला नाक मुरडण्यापलीकडं काही येतच नाही.

आणि मग त्याला ती काळी खिडकी सापडली. कुठल्याशा व्हिडिओत एक माणूस माऊसला हात न लावता, काळ्या पडद्यावर एक ओळ टाइप करून, ढीगभर फाईली एका दमात लहान करत होता. एफएफएमपेग नावाचं ते फुकट मिळणारं साधन. ना चित्रं, ना बटणं, नुसती अक्षरं. आवाजाची भली मोठी फाईल त्याच्यापुढं टाकायची, काय काय करायचं ते चार खुणांनी सांगायचं आणि एंटर मारायचं. फाईल पिळून निघते आणि एमपीथ्री होऊन बाहेर पडते. साधन उत्तम आहे, त्याच्याबद्दल माझी तक्रार नाही. जगात असंख्य माणसं ते वापरतात आणि गप्प बसतात. मृत्युंजय वापरतो आणि पेठेला गप्प बसू देत नाही.

"माऊस म्हणजे म्हाताऱ्याची काठी," तो येईल त्याला ऐकवायचा. "ज्याला चालता येत न्हाय त्यानं धरावी."

लग्नाचं शूटिंग करणारा प्रभु एकदा सहज म्हणाला, की आपण तर मोबाईलमधल्या ॲपवर गाणं लहान करतो, होतंय की काम. झालं! त्या दिवशी प्रभुचा चहा थंड झाला, दुसरा मागवला तो थंड झाला, तरी मृत्युंजयचं प्रवचन आटोपेना. बिटरेट म्हणजे काय, मोनो म्हणजे काय, खालच्या दर्जाची माणसं बटणं कशी दाबतात आणि वरच्या दर्जाची माणसं ओळी कशा लिहितात. त्या ओळी त्यानं कुठून उतरवून घेतल्या होत्या हे मात्र प्रवचनात येत नसे. अर्ध्या हळकुंडानं पिवळा झालेला माणूस सोलापुरात नवा नाही, पण यानं पाव हळकुंडातच भागवलं होतं.

त्याची दोन तत्त्वं होती. पहिलं असं, की फाईल जितकी लहान तितका कारागीर मोठा. त्यामुळं गिऱ्हाइकानं मागो न मागो, हा फाईल पिळायचाच. काम झालं की मूळ फाईल पुसून टाकायची हेसुद्धा त्यानं त्या ओळीच्या शेपटाला कायमचं बांधून ठेवलं होतं. "मूळ जपून ठेवणं हे कच्च्या माणसाचं लक्षण," तो म्हणायचा. "आपल्या हातावर भरवसा न्हाय म्हणूनच ठिवत्यात की."

दुसरं तत्त्व त्याहून थोर होतं. "मी आवाज ऐकत न्हाय," तो छाती काढून सांगायचा. "मी आवाज बघतो."

म्हणजे पडद्यावर आवाजाची जी नागमोडी रेघ उमटते ती तो बघायचा. उंच डोंगर म्हणजे मोठा आवाज, बुटकं गवत म्हणजे कचरा. कुणाच्या आजीची ओवी असो की कुणाच्या मुंजीतली मंगलाष्टकं, त्यानं कधी कान लावून ऐकलं नाही. हलवायानं जिलबीला तोंड लावलं नाही तर समजू शकतो, रोज कोण खाणार. पण हा हलवाई न चाखता पाक बिघडलाय की नाही ते सांगायचा, आणि वर गिऱ्हाइकाच्या जिभेला नावं ठेवायचा.

"उद्या भाकरी पन अशीच पिळून लहान करू का ओ?" भुवनेश्वरी पडद्यामागून विचारायची. "डब्यात तेवढीच जागा ऱ्हाईल." ती अक्कलकोटकडची, तिच्या जिभेला धार होती. तो तिच्याकडं लक्ष द्यायचा नाही. घरात दोघं कानडी बोलत, पण दुकानात कानडी बोललेलं त्याला खपत नसे. कानडी ही त्याच्या मते शेताबांधावरची भाषा. कॉम्प्युटरपुढं ती शोभत नाही.

संक्रांतीतली गड्ड्याची जत्रा उठून गेली होती आणि ऊन चटके द्यायला लागलं होतं, तेव्हाची गोष्ट. वळसंगचा रेवणप्पा नावाचा म्हातारा आपल्या लेकीला घेऊन दुकानात आला. लेक, सिद्धेश्वरी, शहरात एका दवाखान्यात नर्स होती. म्हाताऱ्यानं बियाणाच्या रिकाम्या पिशवीतून एक कॅसेट काढली आणि दोन्ही हातांनी काउंटरवर ठेवली.

"हे अप्पांच्या फोनमदी घालून पायजे ओ दादा," सिद्धेश्वरी म्हणाली. फोन साधा, बटणांचा होता. "हंतीची पदं हायत. अप्पा म्हणत्यात, आन् आमची आई मागनं..."

मृत्युंजयनं हात वर केला. "अक्का, आत काय हाय ते मला सांगायचं न्हाय. डाक्टर पोट कापायच्या आधी काय जेवला म्हणून इचारतो का?"

"इचारतो की," सिद्धेश्वरी म्हणाली. "आदी तेच इचारतो."

दुसरा कुणी असता तर इथं ओशाळला असता. मृत्युंजयनं नुसती पावती फाडली.

त्यानं तिचं वाक्य पुरं होऊ दिलं असतं तर त्याला काय कळलं असतं ते मीच सांगतो. खळ्यावर तिवड्याभोवती, म्हणजे मधल्या खांबाभोवती, बैलांची पात फिरवत मळणी करायचे, त्या काळी गडीमाणसं कानडीतली लांबलचक पदं म्हणत, ती हंतीची पदं. रेवणप्पाचा गळा त्यात गावात एक नंबर. तो बैलांमागं चालत एक ओळ सोडायचा, आणि मागून कुणीतरी ती झेलायची अशी रीत. बाईमाणसानं खळ्याच्या मध्यात उभं राहून हंती म्हणायची रीत मात्र नव्हती. रेवणप्पाच्या बायकोला, ईरम्माला, रीत मोडायची नव्हती आणि गप्पही बसायचं नव्हतं. मग ती लांब, खळ्याच्या कडेला, हातात सूप घेऊन वारं द्यायला उभी राहायची आणि तिथून नवऱ्याची ओळ झेलायची.

झेलायची म्हणजे परतून त्याच्याच तोंडावर मारायची. रेवणप्पा पदात विचारायचा, पाऊस कुठं गं अडला? ईरम्मा तिकडून सुरात म्हणायची, तुझा आळस बघून आल्यापावली परत गेला. तो विचारायचा, बैल का गं थकला? ती म्हणायची, धन्याचं वजन वढून वढून. सगळं खळं हसायचं आणि बैलांमागचा रेवणप्पा सगळ्यांत जास्त हसायचा. एका सुगीला तिचा भाऊ टेपरेकॉर्डर घेऊन आला होता, त्यानं तो तिवड्याजवळ मांडून हे भरून घेतलं. म्हणून कॅसेटमध्ये रेवणप्पा जवळ आणि ईरम्मा लांब.

आता ईरम्मा नव्हती. तिचा एक फोटो होता, पण त्यात ती तोंड मिटून, साखरपुड्याला बसवल्यासारखी बसलेली. जिनं जन्मात कधी तोंड मिटलं नाही ती. तिचा आवाज जगात या एका कॅसेटवर उरला होता. रेवणप्पाला स्वतःचं गाणं नको होतं, ते त्याच्या गळ्यात होतंच. म्हाताऱ्याला बायकोच्या शिव्या ऐकायच्या होत्या.

कॅसेट म्हातारी झालेली होती. मृत्युंजयनं ती उजेडात धरून पाहिली आणि त्याला एवढं मात्र कळलं, की पट्टीवरचा लेप सुटायला आलाय. "एकदाच वाजंल," त्यानं स्वतःशीच म्हटलं, आणि टेपची वायर कॉम्प्युटरला जोडून ती वाजवायला घातली. कॅसेटला घाई चालत नाही. ती जितकी लांब तितकाच वेळ घेते. दुकानभर वळसंगचं खळं घुमायला लागलं. हा पठ्ठ्या रेघ बघत बसला.

पडद्यामागं झेरॉक्सचा आवाज थांबला. भुवनेश्वरी कागद हातात तसेच धरून बाहेर आली, ऐकत उभी राहिली आणि एकदम खुदकन हसली.

"काय तिखट बाई हाय ओ ही! ऐकलं का काय म्हणाली ते?"

"डोंगर बघ कसे एकसारखे उठल्यात," मृत्युंजय म्हणाला. "म्हाताऱ्याचा गळा दणदणीत हाय. मदी मदी हे गवत तेवढं उगवलंय, ते काढलं की झालं."

"गवत न्हाय ओ ते. बाई बोलायलीय."

"मागं कुणीतरी बडबडायलंय. बैलाचे घुंगरू बी वाजायलेत. कचरा हाय सगळा."

"जरा कान देऊन ऐका तरी. तो इचारतो आन् ती..."

"तू झेरॉक्स बघ. तुला काय कळतंय ह्यातलं?"

भुवनेश्वरीनं त्याच्याकडं पाहिलं. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर बायका नवऱ्याशी वाद घालत नाहीत, नुसतं बघतात. ती आत गेली. पुन्हा हसण्याचा आवाज आला, मग बराच वेळ मशीनचा आवाज आला नाही. ईरम्माचं बोलणं त्या दिवशी शेवटचं ऐकलं ते पडद्यामागच्या त्या बाईनं.

कॅसेट संपली. पट्टीवरचा लेप टेपच्या हेडवर काजळीसारखा उतरला होता. मृत्युंजयनं स्पिरिटमध्ये कापसाचा बोळा बुडवून हेड लखलखीत पुसलं आणि बोळा कचऱ्यात टाकला. मग तो काळ्या खिडकीकडं वळला, बोटं मोडली आणि ओळ लिहायला घेतली. अमुक पातळीच्या खालचा आवाज म्हणजे शांतता समज. शांतता जिथं दिसेल तिथं कापून टाक आणि कापलेली टोकं जोड. डावा-उजवा असे दोन आवाज असतील तर त्यांचा एकच कर. जितकं पिळता येईल तितकं पिळ. आणि झालं की मूळ पूस.

हे सगळं करायची गरज होती का? म्हाताऱ्याच्या फोनातलं कार्ड कोरं होतं. अख्खी कॅसेट न पिळता टाकली असती तरी ते उपाशीच राहिलं असतं. नुसतं साधं एमपीथ्री करून दिलं असतं तरी काम फत्ते होतं. पण साधं काम करायला मोठेपणा लागतो, आणि याच्याजवळ नुसता आव होता. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, असं म्हणतात. इथं आड काठोकाठ भरलेला होता, पोहराच फुटका निघाला.

त्यानं एंटर मारलं. पांढरी अक्षरं सरसर धावली आणि थांबली. फाईल नखाएवढी झाली होती. मृत्युंजयनं खुर्चीत मागं रेलून तिच्याकडं असं पाहिलं, जसं बाप पहिल्या नंबरानं पास झालेल्या लेकाकडं पाहतो. ऐकली नाहीच. लगेच प्रभुनं आणून टाकलेली लग्नाची ढीगभर शूटिंगं त्यानं त्याच डिस्कवर उतरवून घ्यायला सुरुवात केली.

ठरल्या दिवशी बापलेक आले. रेवणप्पा धुतलेला सदरा आणि फेटा घालून आला होता. दुकानात फेटा बांधून कोण येतं? पण तो काही दुकानात आला नव्हता, बायकोला भेटायला आला होता. मृत्युंजयनं त्याला स्टुलावर बसवलं.

"बसा अज्जा. फोनात घालायच्या आदी हितं मोठ्या स्पीकरवर ऐका. आयुष्यात असं ऐकलं नसंल."

हे त्याचं बोलणं मात्र शब्दाशब्दानं खरं ठरलं.

स्पीकरमधून तरणाबांड रेवणप्पा गायला लागला. आवाज स्वच्छ, खणखणीत. ना घुंगरू, ना वारं, ना खळं. म्हाताऱ्याची मान पहिल्या ओळीला डुलली. ओळ संपताच त्याच्या चेहऱ्यावर हसू यायला लागलं, येणाऱ्या माणसासाठी आधीच दार उघडावं तसं. पण लगेच दुसरी ओळ आली. मग तिसरी. पाऊस कुठं गं अडला, बैल का गं थकला, एकामागून एक प्रश्न नुसते येत राहिले, श्वासही न घेता. म्हाताऱ्याची मान डुलायची थांबली.

"हिचं कुटं हाय?" त्यानं विचारलं.

"कुणाचं?"

"ईरम्माचं."

आणि या वेळीसुद्धा, अहो या वेळीसुद्धा, मृत्युंजयला वाटलं, की आपली तारीफ करून घ्यायची वेळ आली. "अज्जा, मागची सगळी खडखड काढून टाकली," तो म्हणाला. "आता नुसते तुमीच हायसा."

रेवणप्पा लेकीकडं बघायला लागला. सिद्धेश्वरीच्या तोंडाचं पाणी पळालं होतं.

"आईचा आवाज काढला तुमी?"

"आईचा म्हंजे... ते मागचं..."

"मी सांगत हुते. तुमी हात वर केला."

"थांबा, थांबा. मूळ फाईल..." म्हणत तो काळ्या खिडकीकडं वळला. बोटं पहिल्यांदाच चुकत होती. त्यानं फाईलचं नाव लिहिलं. अशी कुठलीही फाईल इथं नाही, असं खिडकीनं एका ओळीत सांगितलं. त्यानं पुन्हा लिहिलं, खिडकीनं पुन्हा तेच सांगितलं. पुसलेलं परत आणायची युक्ती त्याला ऐकून ठाऊक होती. ती करून पाहिली, तर पुसलेल्या जागेवर प्रभुच्या लग्नातल्या वऱ्हाडाच्या पंगती बसल्या होत्या. त्यानं ड्रॉवरमधून कॅसेट काढून टेपमध्ये घातली. नुसती खरखर आली. जे काही होतं ते कापसाच्या बोळ्यावर आलं होतं आणि बोळा घंटागाडीतून कधीच गेला होता.

"आवाजच बारीक होता ओ," तो पुटपुटला. "मशीनला वाटलं, की शांतता हाय."

पडदा बाजूला झाला. भुवनेश्वरी दारात उभी होती.

"मशीनला काय वाटतंय ओ?" ती म्हणाली. "तुमीच लिवलंसा की."

ज्याला सगळ्या पेठेला दोन चहा थंड होईस्तोवर शिकवायला जमत होतं, त्याच्या तोंडून एक शब्द फुटेना. 'चुकलं' एवढा शब्दसुद्धा नाही. तो शब्द त्यानं वापरलाच नव्हता कधी, ऐन वेळी कुठून सापडणार? मला या माणसाचा अजूनही राग येतो, आणि सगळ्यात जास्त राग त्या गप्प बसण्याचा येतो.

सिद्धेश्वरी रडत नव्हती. तिनं बापाच्या खांद्यावर हात ठेवला. "चला अप्पा. जाऊ घरला."

रेवणप्पा उठला नाही.

"तम्मा," तो मृत्युंजयला म्हणाला, धाकट्या भावाला म्हणावं तसं, आवाजात रागाचा लवलेश नाही, "लाव की परत. तिचं म्या म्हणतो. मला पाठ हाय तिचं समदं."

मृत्युंजयनं पुन्हा लावलं. पडद्यावर रेघ धावायला लागली, एकाला एक चिकटलेले डोंगरच डोंगर. या खेपेला तो तिच्याकडं बघत नव्हता. म्हाताऱ्यानं फेटा सावरला आणि हात कानाशी नेला. स्पीकरमधल्या रेवणप्पानं विचारलं, पाऊस कुठं गं अडला? म्हाताऱ्यानं ईरम्माचं उत्तर द्यायला तोंड उघडलं, पहिला शब्द ओठांवर आला, तोवर पुढची ओळ सुरू झाली होती. तो थांबला. ती ओळ संपायची वाट पाहिली, पुन्हा तोंड उघडलं, आणि पुन्हा पुढची ओळ येऊन त्याच्या तोंडावर आदळली. तिसऱ्या खेपेला त्यानं घाई करून पाहिली. तिच्या बोलण्याला जागाच ठेवलेली नव्हती.

म्हातारा स्टुलावरून पुढं वाकला, स्पीकरच्या अगदी जवळ, आणि आतल्या त्या तरण्या गड्याला काकुळतीनं म्हणाला, "आरं थांब की रं. तिला बोलू दे की जरा."